भाड्याची खोली आणि मदतीचा कागद

खोली शोधीत हिंडणारा माणूस आपल्या साहित्यात जुना आहे. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्याला उतरतो. नोकरी सरकारी, अंगात उमेद, स्वातंत्र्य मिळालेले. आणि तरी डोक्यावर छप्पर हवे म्हणून त्याला जात चोरावी लागते. हा कथासंग्रह १९६३ सालचा. त्याच्याही कितीतरी आधी, १९१७ साली, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याच्या पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले होते. खरे नाव कळताच काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. बाबासाहेबांच्या खिशात भाडे नव्हते असे नाही. भाडे होते, खोली रिकामी होती, आणि खोली मिळाली नाही. आपल्याकडच्या भाडेकरूच्या प्रश्नाचे सार एवढ्यात येऊन जाते.

हे मनात घेऊनच मी मॅथ्यू डेस्मंड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचे 'एव्हिक्टेड' हे पुस्तक वाचले. ते २०१६ साली प्रसिद्ध झाले, २०१७ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात, २००८-०९ च्या सुमारास, भाडे थकले म्हणून घराबाहेर काढल्या गेलेल्या आठ कुटुंबांची ही हकिगत आहे. निग्रो साहित्याची ओळख आपल्याला म. ना. वानखेडे आणि जनार्दन वाघमारे यांच्या पिढीने करून दिली. १९७२ साली मुंबईत पँथरचे नाव घेतले गेले तेही ओकलंडच्या काळ्या तरुणांकडून. ही नाळ जुनी आहे. परंतु आपण तिकडून घेतला तो बहुधा आवेश. त्यांच्या घरभाड्याच्या पावत्या आपण कधी वाचल्या नाहीत. या पुस्तकात त्या पावत्या आहेत.

आर्लीन ही या पुस्तकातली मध्यवर्ती स्त्री. (सगळी नावे लेखकाने बदललेली आहेत.) काळी, एकटी, पदराला दोन मुलगे. एक मुलगा रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीवर बर्फाचा गोळा मारतो, मोटारवाला चिडून दार लाथेने फोडतो, आणि दार मोडले म्हणून घरमालक कुटुंबाला बाहेर काढतो. तेथून ती फिरत फिरत जेथे येते तेथले भाडे महिना ५५० डॉलर, आणि तिला मिळणारी सरकारी मदत ६२८ डॉलर. म्हणजे शंभरातले अठ्ठ्याऐंशी भाड्याला गेले. उरलेल्यात दोन मुलांचे अन्न, वस्त्र, बसचे पैसे, आजारपण. पुढे ती घर शोधायला लागते तेव्हा डेस्मंड मोजीत जातो. एकोणनव्वद घरमालक नाही म्हणतात. नव्वदावा हो म्हणतो, आणि ते घरही टिकत नाही.

हा आकडा वाचून माझे विद्यार्थी हसले. अविश्वासाने नव्हे, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी तालुक्याच्या गावात खोल्या शोधल्या आहेत. मीही एम. ए. साठी शहरात गेले तेव्हा मोजले नव्हते, पण एका काकूंनी खोली दाखवली, नळाची वेळ सांगितली, चावी हातात दिली आणि मग सहज विचारले, "तुमच्याकडे गौरी बसतात का हो?" मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, "अगंबाई, ह्यांनी कालच कोणाला तरी शब्द दिलाय, मी विसरलेच." चावी परत घेताना त्यांनी माझ्या बोटांना स्पर्श होऊ दिला नाही की तो माझा भास, हे मला आजही सांगता येणार नाही. आपल्याकडे नकार असा येतो. त्याला पुरावा नसतो. मिलवॉकीतही घरमालक काळी म्हणून नाही म्हणत नाहीत. मुले आहेत म्हणून, आधी घराबाहेर काढलेले आहे म्हणून, कागद नीट नाहीत म्हणून म्हणतात.

आमच्या स्टाफरूममधील एक सहकारी हे पुस्तक चाळून म्हणाले, "मॅडम, हा शुद्ध गरिबीचा प्रश्न आहे. यात वंश कुठे आला? निम्मे लोक तर गोरे आहेत." त्यांचे अर्धे म्हणणे खरे आहे, म्हणून ते उडवून लावता येत नाही. पुस्तकाचा मोठा भाग गोऱ्या गरिबांच्या ट्रेलर वसाहतीत घडतो. तेथली लॅरेन नावाची बाई महिन्याचे सगळे अन्नाचे सरकारी कूपन एका जेवणाच्या लॉब्स्टरवर उडवते. तिला शहाणपण शिकवणारे तिच्या नात्यातच पुष्कळ आहेत. डेस्मंड तसे करीत नाही. ती पैसा उडवते म्हणून गरीब नाही, तर कितीही काटकसर केली तरी गरिबीतून निघणे नाही हे तिला कळले आहे म्हणून ती एक दिवस राणीसारखी जेवते, असे तो समजावून देतो. आमच्या लोकांनी कर्ज काढून जयंती केली, लग्न केले म्हणून वर्षानुवर्षे नाक मुरडणाऱ्यांनी ही पाने जरूर वाचावीत. पण माझ्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट वगळली. हेच कफल्लक गोरे, उद्या कोठे राहायचे याची भ्रांत असताना, शहराच्या काळ्यांच्या भागात स्वस्त घर घ्यायला तयार होत नाहीत. खिशात दमडी नसली तरी त्यांच्याजवळ वस्ती नाकारण्याचा अधिकार शिल्लक आहे. आपल्याकडे ह्याला काय म्हणतात ते मी सांगायला नको. बागुलांच्या कथेला 'मानवतावादी' म्हणून तिच्यातली जात पुसणारी समीक्षा ज्या जातकुळीची, त्याच जातकुळीचे हे वाचन होय.

आता एक प्रश्न आपल्या मासिकांतून पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे, तो येथेही विचारला पाहिजे. हा गोरा प्राध्यापक या लोकांचे दुःख लिहिणारा कोण? तो काही महिने त्या ट्रेलर वसाहतीत आणि नंतर काळ्यांच्या वस्तीतल्या एका खोलीत भाड्याने राहिला. त्याच्या आईबापांचे घर बँकेने काढून घेतले होते, तेव्हा त्याला या भीतीची अगदीच ओळख नाही असे नाही. पुस्तकभर त्याने 'मी' हा शब्द बाजूला ठेवला आहे. तो शेवटी प्रगट होतो. माझे मत असे की त्याचे निरीक्षण प्रामाणिक आहे, सहानुभूती सच्ची आहे, आणि तरीही आर्लीन त्याच्या पुस्तकात सहन करते, विचार करीत नाही. तिला राग येतो, पण त्या रागाला विचार मिळालेला नाही. दया पवारांच्या 'बलुतं'मधला कावाखाना आठवावा. तेथली माणसे आर्लीनपेक्षा कमी दरिद्री नाहीत. परंतु तेथे सांगणारा स्वतः त्या दारिद्र्याकडे वळून पाहतो, त्याची लाज वाटते म्हणतो, त्या लाजेची चिकित्सा करतो. ती चिकित्सा येथे नाही. हा दोष लेखकाच्या कौशल्याचा नाही. तो कोठे उभा राहून पाहतो आहे त्याचा आहे.

पण ज्या पात्राने मला खरोखर बेचैन केले ते दुसरेच आहे. शेरीना ही आर्लीनची घरमालकीण. ती काळी आहे. पूर्वी शाळेत शिक्षिका होती. तिने आणि तिच्या नवऱ्याने काळ्यांच्या पडक्या वस्तीत घरे घेऊन भाड्याने दिली आणि त्यांचे बरे चालले आहे. दोन्ही पाय गमावलेला लामार नावाचा भाडेकरू भाड्याची थकबाकी फेडण्यासाठी गुडघ्यांवर सरकत तिची खोली रंगवतो. ती त्याच्या कामाचे मोल ठरवते आणि ते कमी ठरवते. हे वाचताना वेठ हा शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. शेरीना राक्षसीण नाही. आर्लीन राहायला आली तेव्हा तिने तिला किराणा आणून दिला होता. नंतर तिनेच तिला कोर्टात उभे केले.

शेरीनावर लिहायला बसले तेव्हा माझी लेखणी अडली, आणि का अडली ते सांगणे भाग आहे. दादाने नोकरीतल्या कर्जावर आमच्या घरावर दोन खोल्या बांधल्या. आमच्या घराण्यात भाडे घेणारी ही पहिली पिढी. गेल्या जूनमध्ये एक मुलगा खोली विचारायला आला. मी हेच पुस्तक मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते. आईने त्याला पाणी दिले, गाव विचारले, आणि म्हणाली, "आडनाव काय म्हणालास, बाळा?" त्याने सांगितले. मातंग समाजाचा मुलगा. आई म्हणाली, "खोली पाहुण्याला द्यायची ठरलीय रे." कोणताही पाहुणा यायचा नव्हता. तो मुलगा 'बरं, मावशी' म्हणून पायऱ्या उतरून गेला. मला वाक्याचा अर्थ लागून मी उठेपर्यंत तो कोपऱ्यावरून वळला होता. रात्री मी आईशी भांडले. ती म्हणाली, "तुला शहरात खोली देत नव्हते तेव्हा मी रडले होते, मला नको शिकवूस. पण आजूबाजूला आपलीच माणसं राहतात, त्यांना काय सांगू?" ह्या 'आपली माणसं' शब्दाची हद्द कोठे संपते, हा प्रश्न आमच्या घरात अजून चालू आहे. शेरीनाला परकी म्हणून हातावेगळी करणे त्या दिवसापासून मला शक्य राहिले नाही.

डेस्मंड पुस्तकाच्या शेवटी उपाय सुचवतो, आणि माझा खरा मतभेद तेथे आहे. त्याचे म्हणणे, ठरावीक उत्पन्नाखालच्या प्रत्येक कुटुंबाला सरकारने भाड्याचे व्हाउचर द्यावे. कुटुंबाने उत्पन्नाच्या ३० टक्के भरावे, वरचे सरकारने घरमालकाला द्यावे. ही कल्पना नवी नाही. १९६९ साली एडवर्ड ब्रुक या काळ्या सिनेटरच्या दुरुस्तीने सरकारी घरांतील भाडे उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर बांधून टाकले. रेगनच्या राजवटीत, १९८१ साली, ते ३० टक्के झाले. १९७३ च्या आरंभी निक्सनने नवी अनुदानित घरे मंजूर करणे थांबवले आणि १९७४ च्या कायद्याने 'कलम ८' आले. सरकारने घर बांधायचे कमी केले आणि खाजगी घरमालकाच्या दाराशी जायला कागद दिला. आज वीस लाखांहून अधिक कुटुंबे त्या कागदावर राहतात. पण जी पात्र आहेत त्यांतल्या चारांपैकी साधारण एकालाच घराची सरकारी मदत मिळते. उरलेल्यांसाठी प्रतीक्षायादी. आर्लीनच्या शहरात ती यादीही बंद होती. तरुण वयात तिच्याजवळ अनुदानाचे एक घर होते, ते तिने एका मैत्रिणीच्या शब्दाखातर सोडले. आयुष्यातली सर्वांत मोठी चूक म्हणून ती ते सांगते. सोडलेले घर परत मिळत नाही.

या कागदाची ताकद किती? अमेरिकेचा १९६८ चा गृहनिवास कायदा वंशावरून घर नाकारायला बंदी करतो. परंतु भाडे सरकारी व्हाउचरने येते म्हणून नाकारायला तो कायदा बंदी करीत नाही. काही राज्यांनी आणि शहरांनी स्वतंत्र बंदी घातली आहे, बाकीच्या ठिकाणी घरमालक 'आम्ही व्हाउचर घेत नाही' असे उघड म्हणू शकतो. व्हाउचर घेणाऱ्यांचे कारण नेहमी दयेचे असते असेही नाही. मिलवॉकीत व्हाउचरवाल्या भाडेकरूकडून तशाच घरासाठी महिन्याला सरासरी ५५ डॉलर जास्त आकारले जात होते, हे डेस्मंडनेच दाखवले आहे. मग हाच कागद सर्वांना वाटला तर लाभ कोणाला? आपला उपाय भाड्यावर नियंत्रण असल्याशिवाय चालणार नाही हे तो कबूल करतो, पण घाईत. ज्या माणसाने एकोणनव्वद नकार मोजले त्याने दाराची चावी शेवटी त्याच एकोणनव्वद जणांच्या हाती ठेवावी, हे मला पटत नाही.

पुस्तकानंतर जे घडले त्याने हा मुद्दा अधिक टोकदार केला. करोनाच्या साथीत, मार्च २०२१ च्या कायद्याने, अमेरिकन सरकारने ५ अब्ज डॉलर बाजूला काढून ७० हजार 'आपत्कालीन' व्हाउचरे काढली. रस्त्यावर असलेल्यांसाठी, रस्त्यावर येण्याच्या बेतात असलेल्यांसाठी, नवऱ्याच्या मारापासून पळालेल्या बायांसाठी. हा पैसा २०३० पर्यंत वापरता येईल असे कायद्यात होते. मधल्या काळात भाडी भडकली. सप्टेंबर २०२३ नंतर एखाद्या कुटुंबाने व्हाउचर सोडले तर ते दुसऱ्याला द्यायलाही मनाई झाली. मार्च २०२५ मध्ये गृहनिर्माण खात्याने स्थानिक कचेऱ्यांना कळवले की हा शेवटचा हप्ता, यानंतर पैसे नाहीत. २०२६ च्या सुमारास ते संपतील असा हिशेब होता. सुमारे ६० हजार कुटुंबे त्या वेळी त्या कागदावर राहत होती. रस्त्यावरून उचलून घरात बसवलेल्या माणसाला तीन-चार वर्षांनी सांगायचे की तुझे घर आपत्कालीन होते, आपत्ती संपली. मिळालेली गोष्ट अधिकार होता की मेहेरबानी, हे ती काढून घेतली जाते त्या दिवशी कळते.

आणि मग सगळ्यांचे बोट शहराकडे वळले: स्थानिक संस्थांनी सांभाळावे. काही कचेऱ्यांनी या कुटुंबांना नेहमीच्या व्हाउचरवर घ्यायचे ठरवले. म्हणजे यादीत वर्षानुवर्षे उभे असलेल्यांच्या पुढे ह्यांना उभे केले, दोघे गरीबच. काही शहरांजवळ स्वतःचा पैसा आहे. राजधानी वॉशिंग्टनमध्ये शहराच्याच अंदाजपत्रकातून चालणारी भाडेपूरक योजना आहे. न्यूयॉर्कने २०१८ साली स्वतःचे व्हाउचर काढले. २०२३ साली नगरपरिषदेने महापौराचा नकाराधिकार डावलून त्याची व्याप्ती वाढवली आणि प्रकरण कोर्टात गेले. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये ५० लाख डॉलरांवरच्या मालमत्तांच्या विक्रीवर कर बसवला. त्यातला काही भाग भाड्याच्या मदतीसाठी आणि कोर्टात भाडेकरूची बाजू मांडण्यासाठी राखला. हा शेवटचा मार्ग मला सर्वांत सरळ वाटतो. त्यात घराचा पैसा घराकडून घेतला जातो.

परंतु 'स्थानिक' हा शब्द ऐकला की आपल्या कानांनी सावध झाले पाहिजे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी गाव हा राज्याचा पाया मानायला नकार दिला, तो उगाच नव्हे. ज्याच्या हातून आपण बाहेर काढले गेलो त्याच्याच हाती आपल्या निवाऱ्याची तिजोरी द्यायची का, हा तो प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर खुद्द मिलवॉकीच्या इतिहासात आहे. व्हेल फिलिप्स ही त्या शहराची पहिली स्त्री आणि पहिली काळी नगरसेविका. १९६२ साली तिने घर देताना वंशभेद करू नये असा ठराव मांडला. १८ विरुद्ध १ मतांनी तो पडला. ते एक मत तिचे. तिने तो पुन्हा मांडला, तो पुन्हा पडला. ऑगस्ट १९६७ पासून काळे तरुण आणि जेम्स ग्रोपी नावाचा गोरा पाद्री सलग २०० रात्री मोर्चे काढीत पूल ओलांडून गोऱ्यांच्या भागात जात राहिले. त्यांच्यावर दगडबाटल्या पडल्या. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, आठवड्याभरात मध्यवर्ती सरकारचा कायदा आला, आणि त्यानंतर त्याच महिन्याच्या अखेरीस मिलवॉकीच्या नगरपरिषदेला शहाणपण सुचले.

माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीने यावर मला अडवले, आणि तिचा आक्षेप नोंदवला पाहिजे. ती म्हणाली, "मॅडम, मोर्चा पण स्थानिकच होता ना? आणि आता पैसे बंद केले ते तर वरच्या सरकारनेच." तिचे बरोबर आहे. व्हाउचर नाकारायला बंदी करणारी पहिली राज्ये मध्यवर्ती सरकारच्या पुढे गेली आणि मध्यवर्ती सरकार अजून तेथवर पोचलेले नाही. तेव्हा वर की खाली एवढा साधा हा प्रश्न नाही. तिजोरी कोणाचीही असो, कायद्यात ती मागण्याचा हक्क लिहिलेला आहे का, आणि तो मागायला माणसे पूल ओलांडतात का, असे विचारावे लागेल. डेस्मंडच्या पुस्तकात पूल ओलांडणारे नाहीत. माणसे एकएकटी घराबाहेर पडतात, सामान गोदामात की फुटपाथावर एवढेच त्यांना विचारले जाते.

लोरेन हॅन्सबेरीच्या 'अ रेझिन इन द सन' या १९५९ च्या नाटकात यंगर कुटुंब विम्याच्या पैशातून गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते आणि वस्तीचा प्रतिनिधी, येऊ नका म्हणून, पैसे द्यायला येतो. तेही एक प्रकारचे गृह-अनुदानच! ते नाकारायचे की घ्यायचे, या प्रश्नाशी नाटक येऊन ठेपते. हॅन्सबेरीच्या वडिलांनी असल्याच भांडणात सर्वोच्च न्यायालय गाठले होते, १९४० साली. त्या घरातली मुलगी लिहिते तेव्हा पात्रे विचार करतात. मला डेस्मंडमध्ये जे कमी वाटले ते हेच.

आपल्याकडेही असा कागद आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. सुरू झाली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार, त्यात निवासाचे २० हजार, म्हणजे महिन्याला सतराशेच्या आत. मी या योजनेच्या विरुद्ध नाही. माझे कितीतरी विद्यार्थी तिच्यामुळे पदवीपर्यंत पोचले. पण वसतिगृहाची खोली आणि वसतिगृहाऐवजी मिळणारी रक्कम यांत जो फरक आहे तो रुपयांत मोजता येत नाही. वसतिगृहाच्या दारात आडनाव विचारतात ते नोंदवहीसाठी. रक्कम घेऊन मुलगा गावात जातो तेव्हा तो पुन्हा काकूंच्या ओट्यावर उभा असतो. किंवा माझ्या आईच्या.

तो मुलगा, ज्याला आम्ही खोली दिली नाही, पुढे आमच्याच महाविद्यालयात प्रथम वर्षाला आला. त्याने मला ओळखले, मी त्याला. दिवाळीनंतर त्याने ग्रंथालयाच्या यादीतून हे पुस्तक मागितले, माझी प्रत मी त्याला दिली. इंग्रजी त्याला जड जाते, एका तासाला चार-पाच पाने होतात. आर्लीनच्या नव्वदाव्या घरमालकापर्यंत पोचल्यावर तो वर्गाबाहेर थांबला होता. मी विचारले, तू किती घरे पाहिलीस? म्हणाला, "चौदा, मॅडम. मग सोडून दिलं. आता आत्याच्या गावाहून रोज बसनं येतो. सकाळची सहाची गाडी चुकली की तुमचा पहिला तास बुडतो."